सोजरा आत्याचा समुद्रफेस

सोजरा आत्या मूळची मोशीची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन ती आळंदीला गेली, घाटाकडं उतरणाऱ्या गल्लीत, आणि पुढचं सगळं आयुष्य तिनं एका काष्ठौषधींच्या दुकानात काढलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला लाकडी खणांचं उंच कपाट, त्यापुढं गोणपाट, गोणपाटावर आत्या. एकाही खणावर चिठ्ठी नव्हती, कारण आत्याला वाचता येत नव्हतं आणि तिला त्याची गरजही नव्हती. हिरडा कुठं, वावडिंग कुठं, मुरुडशेंग कुठं, हे तिच्या हाताला न बघता कळायचं. सगळं तिला सासूनं शिकवलं होतं. सासू जाऊन बरीच वर्षं झाली तरी तिचं बोलणं आत्याच्या तोंडी तसंच राहिलं होतं. हे कशावर, असं कुणी विचारलं की आत्या सासूच्याच शब्दांत सांगायची, तसाच हात हलवून.

तिचे यजमान सोपानराव, आमचे आतोबा, दुकानाच्या कोपऱ्यात बसून तुळशीच्या माळा ओवायचे. त्यांना डाव्या कानानं ऐकू यायचं नाही आणि उजव्यानं हवं तेवढंच यायचं, असं आत्या म्हणायची. घर कडक माळकरी. लग्न झालं त्याच वर्षी आत्याच्या गळ्यात माळ पडली, आणि तेव्हापासून ती मोशीला माहेरी आली तरी स्वतःचा तांब्या बरोबर आणायची. आमच्या घरात अधूनमधून मटण शिजायचं, म्हणून माझी आई तिच्यासाठी वेगळी पातेली काढून ठेवायची. मेथीच्या जुडीत गोगलगाय निघाली तर आत्या ती पानासकट उचलून इंद्रायणीच्या कडेला नेऊन ठेवायची. याचं कुणी कौतुक केलं तर तिला आवडायचं नाही. करायचं असतंच ते, म्हणायची.

दुकानात एका जिनसेवर मात्र तिचा विशेष जीव होता. ती म्हणजे समुद्रफेस. पांढरी, हलकी, लांबट वस्तू, छोट्या होडीच्या आकाराची. एक बाजू कडक, दुसरी नखानं खरवडली की पिठासारखी निघणारी. वरच्या खणात कापसात ठेवलेली असायची. कुणाचा कान फुटला, पू वाहायला लागला, की ते पीठ कागदाच्या नळीनं कानात फुंकायचं आणि वर लिंबाच्या रसाचे थेंब सोडायचे. लगेच कानात बारीक फसफस सुरू व्हायची. पोरं त्यानं हसायची नाहीतर रडायची, आणि आत्या म्हणायची, "बघा, फेस हाय म्हून फेस येतोय."

समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. पण तो कसा घुसळतो, त्याच्यावर दुधासारखा फेस कसा चढतो, तो किनाऱ्याला लागून उन्हात कसा वाळतो आणि त्याच्या वड्या कशा पडतात, हे ती इतकं रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही तिथंच जन्मली. आळंदीत कीर्तन-पखवाज शिकायला आलेले विद्यार्थी तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. ती मुलं बारा महिने नदीत डुंबायची आणि त्यांचे कान वाहायचे. देव्हाऱ्यातले पितळी देवही आत्या समुद्रफेसाच्याच पिठानं घासायची. चिंचेपेक्षा झकाक निघतात, म्हणायची.

मी तेव्हा आळंदीच्या शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच लागले होते आणि आत्याकडंच राहत होते. म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

साल सत्तावन्न असेल. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला होता. तिथली यंत्रं बघायला एक परदेशी साहेब आला होता आणि त्याची बायको सुट्टीच्या दिवशी मोटारीतून आसपास हिंडायची. देहू बघ, चाकणचा किल्ला बघ, आळंदीचा घाट बघ. मोटार चालवायला निघोज्याचा हिंदुराव. पंचविशीतला, अंगानं भक्कम, बोलायला गोड. मडमेला मोडकंतोडकं हिंदी यायचं, हिंदुरावाला मोडकंतोडकं इंग्रजी, आणि दोघांचं बरं जमायचं.

एका रविवारी मडम घाटावरून परत येताना आत्याच्या दुकानापाशी थांबली. उघड्या खणात तिला समुद्रफेस दिसला. तिनं एक तुकडा उचलला, उलटासुलटा केला आणि जुनी ओळख निघाल्यासारखी हसली. तिला होते तेवढे सगळे तुकडे हवे होते. आत्यानं विचारलं, घरात कुणाचा कान एवढा बिघडलाय? हिंदुरावानं विचारून सांगितलं की कान कुणाचाच नाही, बाईंनी पाखरं पाळलीत, पिवळी, गाणारी. पिंजऱ्याला हा तुकडा अडकवला की पाखरं त्याच्यावर चोच घासतात. त्यांच्या देशात सगळे असंच करतात.

आत्याला याची गंमत वाटली; तिनं दोन तुकडे दिले, बाकीचे कानवाल्यांसाठी ठेवले. मग तिनं नेहमीप्रमाणं हात हलवून समुद्राची गोष्ट सांगितली. हिंदुरावानं ती मडमेला सांगितली. मडम ऐकत राहिली, मग मान हलवायला लागली. नाही, नाही, असं तिनं हिंदीत म्हटलं आणि आणखी काहीतरी बोलली. हिंदुरावाला ते कळलं नाही. पुढच्या खेपेला दाखवते, एवढाच अर्थ त्यानं लावला.

पुढच्या रविवारी ती एक चित्र घेऊन आली. जाड कागदावर छापलेलं, दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावून जपून आणलेलं. हे चित्र चारशे वर्षांपूर्वीचं आहे, असं तिनं सांगितलं. मूळ चित्र त्यांच्याकडच्या कुठल्याशा मोठ्या घरात ठेवलेलं आहे आणि ही त्याची छापील नक्कल. चारशे वर्षं म्हटल्यावर माझ्या मनात आलं, तेव्हा चाकणच्या किल्ल्यात निजामशाहीची माणसं असतील, आणि तिकडं कुणीतरी शाई घेऊन हे काढत बसला होता.

चित्रात एक जनावर फळीवर आडवं पडलं होतं. अंग पिशवीसारखं, त्याच्या कडेनं लुगड्याच्या काठासारखी झालर. तोंडाकडं मुळांचा जुडगा असावा तसे हात, त्यांतले दोन लांब, आणि त्या हातांवर मसुराच्या दाण्याएवढ्या गोल गोल वाट्या. डोळा मोठा. बुबुळाच्या मध्यावरची काळी बाहुली गोल नव्हती, पाण्यातली ओळ हलावी तशी नागमोडी होती. शाईच्या रेघा इतक्या बारीक होत्या की ओला पृष्ठभाग खरंच ओला वाटत होता. कोपऱ्यात तिरप्या परक्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. ते मलाही वाचता येईना. आणि जनावराच्या खाली, वेगळी, दोनदा काढलेली, एकदा समोरून आणि एकदा कडेनं, अशी एक पांढरी लांबट होडी.

मडमेनं जनावराच्या पाठीवर बोट टेकवलं, मग त्या होडीवर, मग आत्याच्या खणाकडं दाखवलं. हिंदुराव थोडा घुटमळला. आत्याच्या गळ्यातली माळ त्यालाही दिसत होती.

"आत्याबाई," तो म्हणाला, "बाई म्हणत्यात, समुद्रफेस म्हंजी ह्या जनावराच्या अंगातलं हाड हाय."

आत्यानं खणातून एक तुकडा काढला आणि चित्रातल्या होडीशेजारी ठेवला. तुकड्याच्या मऊ बाजूवर एकामागं एक वळत गेलेल्या बारीक रेघा असतात. चित्रातही त्या होत्या, तशाच वळणाच्या. तिनं तुकडा कडेवर उभा केला. कडेनं काढलेलं चित्रही जुळत होतं. मडमेला वाटलं, आपण हिला काहीतरी छान दाखवलं. तिनं ते चित्र आत्याच्या हातात दिलं, राहू दे म्हणाली आणि हसून निघून गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आत्या शेवटपर्यंत सांगायची.

त्याच दिवशी एक विद्यार्थी कान धरून आला. आत्यानं त्याला समुद्रफेस संपला म्हणून सांगितलं. तो गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, आज मी खोटं बोलले. तिला त्या हाडाइतकंच हेही लागलं होतं.

आतोबांना तिनं चित्र दाखवलं तेव्हा ते माळ ओवता ओवता एवढंच म्हणाले की चित्र कशाचंही काढता येतं. देवळांच्या भिंतींवर हत्तीचं तोंड आणि माशाची शेपटी असलेली जनावरं कोरलेली आहेत, ती काय कुणी नदीत पाहिलीत? काढणाऱ्याच्या मनात आलं, त्यानं काढलं. आत्याला हे पटलं. चेहरा जरा मोकळा झाला. ती पोळ्या लाटायला गेली आणि अर्ध्यातून उठून परत आली.

"मनानं काढलं असतं तर नीट काढलं असतं," ती म्हणाली. "हा बघा हात. अंगाखाली दुमडून गेलाय. आन् झालर हितं फाटलीया. मनानं काढणारा फाटकी झालर कशापायी काढंल?"

आतोबांनी चित्र दिव्याजवळ नेऊन पाहिलं. झालर खरंच एका जागी फाटलेली होती. त्यांनी चित्र परत दिलं आणि पुन्हा माळ ओवायला घेतली.

मग आत्यानं मला विचारलं. मी शिकलेली, मला ठाऊक असेल असं तिला वाटलं. मी शाळेतली पुस्तकं चाळली. देवमासा होता, खेकडा होता, शंख होते. हे जनावर नव्हतं. मी हेडमास्तरांनाही विचारलं. ते म्हणाले, असेल काहीतरी. मी घरी येऊन तसंच सांगितलं, आणि आत्यानं चित्र परत पुठ्ठ्यांत घातलं.

माझे वडील मालोजी तेव्हा मोशीहून पिंपरीला निर्वासितांच्या कॅम्पात बैलगाडीनं भाजी न्यायचे. एकदा आम्ही दोघी मोशीला मुक्कामाला गेलो आणि दुसऱ्या सकाळी आत्या चित्र पदराखाली धरून त्या गाडीत बसली; मीही बरोबर गेले. कारखान्यात नवे आलेले लोक कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतले होते. हिंदुरावानं सांगितलं होतं की त्याच्या ओळखीच्या एका कामगाराची बायको रत्नागिरीकडची आहे, समुद्राकाठच्या गावची. तिला विचारा.

ती सुमनताई. अंगणात कपडे वाळत घालत होती. आम्ही कोण, कुठून आलो, हे सांगून होण्याआधीच आत्यानं चित्र पुढं केलं. सुमनताईनं हात पदराला पुसले, चित्र बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, ही तर माकूळ! कुठून मिळाली तुम्हाला? किती दिवसांत बघितली नाही, खाल्ली नाही." मग हळूच म्हणाली, "इथं ना, काहीच मिळत नाही आमच्याकडचं. सुकटसुद्धा वास मारते."

आत्यानं होडीच्या आकारावर बोट ठेवलं. सुमनताई म्हणाली, हे तिचं हाड. साफ करताना काढून टाकतो. किनाऱ्यावर तर खच पडलेला असतो.

"मारून टाकलेल्यांचा का आपोआप मेलेल्यांचा?" आत्यानं विचारलं.

सुमनताईला प्रश्न नीट कळला नाही. पुन्हा सांगितल्यावर ती विचारात पडली. दोन्ही असणार, म्हणाली. कोळी होड्या लावतात तिथं साफ केलेल्यांची पडतात. पण जिथं कुणी जात नाही अशा वाळूतही सापडतात; लाटांबरोबर येतात, फेसातच अडकलेली असतात. व्यापारी आला की पोरं दोन्हीकडची गोळा करून एकाच पोत्यात भरतात. कोणतं कुठलं, हे कोण बघतं?

आत्यानं एवढ्यातलं एकच धरलं. "फेसात अडकलेली असत्यात?"

"हो, भरतीनंतर बघा, फेसाची ओळ असते, त्यातच."

म्हणजे सासू सांगायची ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. सुमनताईनं चहा केला. आत्यानं कप हातात घेतला आणि मी पाहिलं, ती कपाच्या कडेकडं बघत होती. त्या घरात काय शिजतं हे आता तिला ठाऊक झालं होतं, आणि आपण आपल्या घरात वर्षानुवर्षं काय ठेवलं होतं हेही. ती चहा प्यायली. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, प्यायले तर खरी, पण का प्यायले ते मला सांगता यायचं नाही.

आळंदीला उद्धवबुवा म्हणून वयस्कर कीर्तनकार होते. विद्यार्थ्यांना शिकवायचे. त्यांचा शब्द आत्याला शेवटचा. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडं गेलो. आत्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, पाखरांपासून चहापर्यंत, आणि विचारलं की आजवर एवढ्या माळकऱ्यांच्या कानात मी जनावराचं हाड घातलं, देवांना तेच लावलं, याचं काय?

बुवांनी चित्र मांडीवर घेतलं. मग म्हणाले, शंख आपण देवापुढं वाजवतो, तोही कुणाचं तरी अंगच असतो. मोती, पोवळं, सगळं समुद्रातलंच. आत्याला धीर आला. पण बुवा स्वतःच पुढं म्हणाले की शंख शास्त्रात सांगितलेला आहे, त्याचा दाखला याला देता येईल का, ते मला समजत नाही. वैद्य लोक पूर्वीपासून हे वापरतात. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. आणि मग, जरा हसून, त्यांनी उजव्या कानाला हात लावला. लहानपणी त्यांचा हाच कान फुटला होता, आणि आत्याच्या सासूनंच त्यात समुद्रफेस घातला होता.

"देऊ नका म्हटलं तर पोरांचे कान वाहतील," ते म्हणाले. "द्या म्हटलं तर माळ कशाला घातली असं ती विचारतील. सोजराबाई, मला ठाऊक नाही. उगीच काहीतरी सांगून तुम्हाला पाठवायचं, ते मला जमणार नाही."

त्यांनी ते चित्र दोन दिवस ठेवून घेतलं. परत द्यायला स्वतः दुकानात आले, आणि डोळा काय सुंदर काढलाय, एवढंच बोलून गेले. आत्या त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. तिला कुणीतरी रागावायला हवं होतं, नाहीतर जा, काही नाही त्यात, असं म्हणायला हवं होतं. दोन्ही झालं नाही.

शेवटी तिनं आपल्यापुरतं एक ठरवलं. लपवायचं नाही. कुणी समुद्रफेस मागितला की ती आधी सांगायची, हे फेस न्हाई, जनावराचं हाड हाय म्हणत्यात, न्यायचा तर न्या. यातून भलतंच सुरू झालं. काही गिऱ्हाइकांना वाटलं आत्या थट्टा करते. काहीजण चित्र बघायला म्हणून यायला लागले, बघायचे, शहारायचे आणि ओवा घेऊन जायचे. एका म्हातारीनं हात जोडले. आत्यानं तिला घाईघाईनं सांगितलं की हा देव नाही. म्हातारी म्हणाली, असेल बाई, तुला काय ठाऊक? एका विद्यार्थ्यानं समुद्रफेस नको म्हणून सांगितलं आणि त्याचा कान इतका चिघळला की त्याला पुण्याला नेऊन सुया टोचाव्या लागल्या. दुसरा म्हणाला, द्या, दुखतंय त्याला काय कळतं कशाचं आहे ते. तोही माळकरीच. दोघंही एकाच खोलीत राहायचे. दोघांपैकी कुणाला चूक म्हणावं, हे आत्यानं मला अनेकदा विचारलं. मी काही सांगितलं की ती दुसऱ्याची बाजू घ्यायची.

हिंदुरावानं यात आणखी भर घातली. कारखान्यात औषध बनवतात ते बुरशीपासून, असं त्यानं एकदा सहज सांगितलं. भाकरीवर येते तसली बुरशी. तीच वाढवतात, गाळतात आणि सुईत भरतात. आत्या म्हणाली, मग बुरशी जितीच असंल? हिंदुराव म्हणाला, असंल बा, आपण फक्त गाडी चालवतो.

देव घासायला ती परत चिंच वापरायला लागली होती. देव पहिल्यासारखे झळकायचे नाहीत आणि ते बघून ती पुन्हा घासायला घ्यायची.

पावसाळ्यात आतोबांचा उजवा कान, ऐकू येणारा, ठणकायला लागला. दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जेवताना एका बाजूनंच चावताना पाहून आत्यानं ओळखलं. मग ते म्हणाले, घाल समुद्रफेस.

"आधी मी काय सांगते ते ऐका," आत्या म्हणाली.

"मला ऐकू येत न्हाई."

"जनावराचं हाड हाय ते."

"ऐकू येत न्हाई म्हटलं ना."

ते मान कलती करून डोळे मिटून बसले. आत्या हातात नळी घेऊन उभी होती. तिनं मला खुणेनं विचारलं, मी खांदे उडवले. मग तिनं फुंकलं, लिंबू पिळलं, कान फसफसला. चार-पाच दिवसांत ते बरे झाले. आपल्याला काही ठाऊक नाही, असंच ते नंतरही वागले. आत्या मात्र त्या दिवशी जेवली नाही. हा उपास कशाचा, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, तेच कळत न्हाई, पण जेवण जाईना.

अठ्ठावन्न साल सरता सरता साहेबाचं काम संपलं. मडम निरोप घ्यायला आली, आत्यासाठी काचेची रंगीत बरणी घेऊन. पाखरं तिनं कुणाला तरी देऊन टाकली होती. आत्यानं तिला तुळशीची माळ दिली, गळ्यात घालायची नाही, नुसती ठेवायची, असं बजावून. मग हिंदुरावाला म्हणाली, बाईंना एक विचार. चित्र काढून झाल्यावर त्या माणसानं त्या जनावराचं काय केलं?

हिंदुरावानं विचारलं. मडमेला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारायला लावलं. मग दारातच, एक पाय पायरीवर ठेवून, ती त्याच्याशी बोलली.

"बाई म्हणत्यात, ठाऊक न्हाई," हिंदुराव म्हणाला. "त्यांच्याकडं खात्यात हे. त्यानंबी खाल्लं असंल. न्हाईतर वास यायला लागला म्हून फेकलं असंल. आजवर हे कुणी विचारलंच न्हाई, म्हणत्यात."

"एवढं बघत बसला त्याच्याकडं," आत्या म्हणाली, "आन् मग खाल्लं?"

हे हिंदुरावानं भाषांतर करून सांगितलं की नाही, मला आठवत नाही. मडमेनं आत्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि मोटार गेली.

एकोणसाठच्या थंडीत आत्याचा स्वतःचा कान दुखायला लागला. आधी ठणका, मग ताप. मी डॉक्टरकडं जाऊ म्हणत होते. ती उद्या जाऊ म्हणायची. दुपारी ती कुशीवर पडली होती, दुखता कान वर करून. आतोबांनी माळेचं काम बाजूला ठेवलं, वरचा खण उघडला, एक तुकडा काढून कागदावर खरवडला आणि नळी करून तिच्याजवळ येऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांनी हे काम कधी केलं नव्हतं. निम्मं पीठ मांडीवर सांडलं होतं.

"घालू का?" त्यांनी विचारलं.

आत्यानं नको म्हटलं. थोड्या वेळानं थांबा म्हटलं. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मला समजत न्हाई. तुमी ठरवा."

"मला कुठं समजतंय," आतोबा म्हणाले.

ते तसेच बसून राहिले, नळी हातात धरून. तेवढ्यात दुकानात कुणीतरी वेखंड मागायला आलं, ते मी दिलं. परत आले तर दोघं त्याच जागी होते. आत्याला डुलकी लागली होती. झोपेतच तिनं कूस बदलली, आणि जागी झाली तेव्हा उशी ओली होती. कान आपोआप फुटला होता आणि ठणका गेला होता. ताप संध्याकाळी उतरला. आतोबांनी कागदावरचं पीठ काळजीपूर्वक परत खणात सोडलं.

पुढं आठेक दिवसांत कान सुकला. कशानं बरा झाला असं शेजारच्या बायकांनी विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली की कशानंच न्हाई. आणि मग समुद्रफेस मागायला आलेल्या एका बाईला तिनं नेहमीसारखं सगळं सांगायला घेतलं: हे फेस न्हाई, पण फेसातच सापडतं, हाड हाय, पण मारलेल्याचं का मेलेल्याचं ते ठाऊक न्हाई, बुवांनाबी ठाऊक न्हाई. बाईच्या काखेतलं पोर कळवळून रडत होतं. बाई म्हणाली, द्या तर आधी. आत्यानं खण उघडला.